आत्याबाईंची कबुली

माझ्या सासूबाईंना ऐकू येत नव्हतं आणि आमच्या क्वार्टरच्या भिंती छपरापर्यंत गेलेल्या नव्हत्या. पुढं जे झालं ते या दोन गोष्टींमुळं झालं. त्यात दोष कुणाला द्यावा हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. वयाला द्यावा तर ते कुणाला चुकलंय, आणि रेल्वेला द्यावा तर रेल्वेनं आमचं पोट भरलं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझा नवरा चुडाव्याच्या स्टेशनवर पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांसाठी रूळ बदलून देणारा होता आणि मी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. छोट्या लाईनवरचं छोटं स्टेशन. फलाटाच्या पलीकडं एका ओळीत चार क्वार्टर आणि चौघांवर मिळून एकच पत्र्याचं छप्पर. मधल्या भिंती माणसाच्या डोक्यावर हातभर जाऊन थांबलेल्या, वर सगळं मोकळं. एका घरात फोडणी पडली की चारी घरांत शिंका. कुणाकडं काय शिजलं, कोण कुणावर रुसलं, हे सगळं सगळ्यांचं असायचं. आम्ही त्याला लाईन म्हणायचो आणि लाईनीत गुपित ठेवायची सोय नव्हती.

त्या लाईनीत आणि अख्ख्या गावात ख्रिस्ती असे आम्हीच. गावातल्या एका म्हातारीला तर आम्ही मुसलमानांतलेच कुणीतरी वाटायचो, कारण आम्ही माणूस पुरतो. मुख्याध्यापकांनी एकदा मला विचारलं होतं की तुमच्यात दिवाळी नसते तर तुम्ही दिवाळीची सुटी घेता कशी. मी म्हटलं, सर, तुम्ही नाताळची घेता तशीच. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दीड-दोन महिन्यांनी फादर यायचे. ते मंगळूरकडचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळं आमच्या घरात सगळ्यांत शुद्ध मराठी तेच बोलायचे. सकाळच्या पॅसेंजरनं उतरायचे, हातात एक काळी बॅग असायची. लोखंडी ट्रंकेवर धुतलेली चादर टाकून आम्ही वेदी करायचो. मी, नवरा, दोन मुली आणि सासूबाई एवढ्यांसाठी मिस्सा व्हायची, पण प्रवचन मात्र पाचशे माणसं समोर बसल्यासारखं. तुमचं घर हेच इथलं चर्च, ते म्हणायचे. मिशन म्हणजे दवाखाना आणि दूध पावडर नव्हे, या लोकांना ख्रिस्त दिसेल तो तुमच्या रोजच्या वागण्यातून. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, फादर, या लोकांना भिंतीवरून रोज सासू-सुनेची भांडणं ऐकू येतात, त्यातून ख्रिस्त कितपत दिसतो ते तुम्हीच बघा.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. गेल्या दोनेक वर्षांत त्यांचे कान गेले होते, कानाशी तोंड लावून ओरडलं तरच थोडं कळायचं. त्या वैजापूरकडच्या जुन्या ख्रिस्ती गावातल्या. लहानपणी दाढीवाल्या परदेशी फादरांनी शिकवलेलं सगळं त्यांच्या डोक्यात कोरून बसलेलं. शुक्रवारी मटण नाही. संध्याकाळची प्रार्थना चुकवायची नाही. आणि पाप तोंडानं सांगितल्याशिवाय जात नाही. सांगायचं ते फादरच्या कानात, आणि फादर ते मरेपर्यंत कुणाला सांगत नाही. फादरच्या मानेवर तलवार ठेवली तरी सांगत नाही, असं त्या आमच्या मुलींना डोळे मोठे करून सांगायच्या. आयुष्यात त्यांचा एवढा विश्वास दुसऱ्या कशावर नव्हता, माझ्यावर तर नव्हताच.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजले. मग दम लागायला लागला. पूर्ण्याच्या डॉक्टरनं तपासलं आणि नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की काळीज थकलंय, खायला-प्यायला घाला, बाकी आपल्या हातात काही नाही. ते आत्याबाईंना कुणी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. बहिऱ्या माणसाला तोंडं वाचता येतात. त्या दिवसापासून त्यांनी एकच धरून ठेवलं. फादरला बोलवा.

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची घाई. पण एका दुपारी पाय चेपून घेताना त्यांनी मला सांगितलं, म्हणजे बहिरी माणसं सांगतात तसं ओरडूनच सांगितलं, की पोटात एक पाप हाय. ते त्यांनी आजवर एकाही फादरला सांगितलं नव्हतं. दर वेळी बाकीची पापं सांगायच्या, ते गिळायच्या, आणि वरून ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या. त्यांच्या शिकवणुकीप्रमाणं हे म्हणजे पापावर पाप. "ह्ये घेऊन मेले तर म्या कुठं जाईन ते मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरी भीती होती. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना भ्यालेलं बघत होते, आणि मला त्यांची कीव आली.

नवऱ्यानं गार्डाकरवी निरोप धाडला आणि फादर आले. आता अडचण अशी, की आत्याबाईंची कबुली घ्यायची कशी. त्या बोलणार ते सगळ्या लाईनीला ऐकू जाणार, फादर विचारणार तेही ओरडूनच विचारणार. खाट लांब लिंबाखाली न्यावी म्हटलं, तर चार पावलं हलवलं तरी त्यांचा श्वास अडकायचा. लिहून द्यावं तर अक्षरओळख नाही. फादरांनी हातवारे करून, कानाशी तोंड नेऊन समजावलं, आजी, तुम्ही मनातल्या मनात सांगा, पश्चात्ताप करा, मी क्षमा देतो, चर्चला ते चालतं. आत्याबाईंना ते अजिबात चाललं नाही. मनातलं देवाला ऐकू येतं, तुमाला कसं येईल, असं त्यांनी फादरांनाच उलट विचारलं. नवीन फादरांना काही येत नाही अशी त्यांची आधीपासूनच थोडी शंका होती.

उपाय शेवटी माझ्या नवऱ्यानं काढला. रेल्वेच्या माणसाला सुचेल तसाच. दुपारच्या पॅसेंजरला वाट द्यायला मालगाडी आमच्याकडं उभी राहायची. इंजिन वाफ सोडत क्वार्टरच्या समोरच थांबायचं आणि तेवढा वेळ कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. त्या आवाजात कबुली उरकायची. फादर हसले, पण कबूल झाले. आम्ही सगळे तयारीला लागलो. मी लाईनीतल्या बायकांना सांगितलं की घरात पूजा आहे, जरा वेळ बाहेर बसू. नेमकं काय आहे ते सांगितलं नाही. आपल्या घरातली म्हातारी पापं सांगणार आहे, हे काय सांगत सुटायचं?

मालगाडी आलीच नाही. ती पूर्ण्यालाच अडकली. सिग्नल पडायची वाट बघत आम्ही बसलो, फादर कबुली ऐकताना घालायचा जांभळा पट्टा गळ्यात घालून बसले, आत्याबाई हात जोडून बसल्या. फादरांना त्याच दुपारच्या पॅसेंजरनं परत जायचं होतं. शेवटी त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी नवऱ्याकडं, आणि नवऱ्यानं सिग्नलकडं. फादर आत गेले.

मी मुलींना घेऊन फलाटाच्या पार टोकाला गेले. तरी "किती वर्षांपूर्वी?" असा फादरांचा शुद्ध मराठीतला आवाज तिथवर आला, आणि स्टेशन मास्तरांनी ऑफिसातून मान बाहेर काढली. मी घाईनं मुलींकडून मोठ्यानं पाढे म्हणवून घ्यायला लागले. मला एकही शब्द ऐकायचा नव्हता. लहानपणी आम्हाला शिकवलं होतं, की दुसऱ्याची कबुली चुकून कानावर पडली तर ती फादरइतकीच आपल्यालाही बांधते. बोलायचं नाही, खूण करायची नाही, ज्यानं सांगितली त्याच्यासमोरसुद्धा नाही. म्हणून मी एकोणतिसाच्या पाढ्यापर्यंत गेले, आणि तो मला स्वतःलाच नीट येत नव्हता.

फादर गेल्यावर मी घरात आले तर आत्याबाई गाढ झोपल्या होत्या. संध्याकाळी उठून त्यांनी पिठलं-भाकरी मागितली, वर पिठल्यात मीठ जास्त झालंय म्हणाल्या. बरं वाटलं. वाटलं, चला, म्हातारीचं ओझं उतरलं. ते कुणाच्या डोक्यावर चढणार आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्या भिंतीला लागून एका गँगमनचं घर होतं. बौद्ध कुटुंब. त्याची बायको माझ्याच वयाची. मी शाळेत गेले की दुपारी तीच आत्याबाईंना बघायची, पेज भरवायची, कुशीवर वळवायची. त्याबद्दल कधी बोलून दाखवायची नाही. ही बाई खोटं बोललेली मी कधी ऐकलं नव्हतं. वजनात पाव किलो वांगी कमी भरली तर ती तोंडावर सांगायची, आणि जास्त भरली तरी सांगायची. तिच्या मनात एक आणि तोंडात एक असं नसायचंच.

दुसऱ्या दिवशी टाकीखालच्या नळावर मी घागर लावली तेव्हा ती धुणं टाकून जवळ आली. एक बोलू का म्हणाली. मी म्हटलं, बोला की. मला कसली कल्पनाच नव्हती.

"बाई, काल माझी भाकरी तव्यावर व्हती, म्हणून म्या घरातच राह्यले. मावशी फादरला सांगायली व्हती. तुमचा बाप सिरियस हाय, पोरीला धाडा, असा निरोप आला व्हता. त्यो तिनं दोन दिवस दाबून ठिवला. लय रडली. फादरला सांगून काय उपेग? तुमाला सांगाया पायजे. ती न्हाई सांगत तर म्या सांगायलेय."

मी थांबा म्हणेपर्यंत तिचं सांगून झालं होतं.

माझे वडील गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावी वारले, तेव्हा माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. त्या महिन्यात माझं आणि आत्याबाईंचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि मी माहेरी निघून जाईन, परत येणार नाही, असं बोलून बसले होते. मग एक दिवस त्या म्हणाल्या, तुझ्या बापाचा निरोप आलाय, बरं न्हाई म्हणतेत. मी मिळेल त्या गाडीनं गेले. पोचले तेव्हा मातीवरची झेंडूची फुलंसुद्धा सुकायला लागली होती. आईनं सांगितलं, शेवटपर्यंत दाराकडं बघत होते, तू येशील म्हणून. निरोप आमच्याच गावचा एक माणूस पुढच्या गावी जाता जाता घरी येऊन देऊन गेला होता. मी दोष त्यालाच दिला. त्यानं निरोप वेळेवर पोचवला नाही म्हणून एका लग्नात चारचौघांत त्याला वाट्टेल ते बोलले. तो म्हणत होता, ताई, म्या त्याच दिवशी सांगितलं व्हतं. मी त्याला खोटारडा म्हटलं. तेव्हापासून तो मला बघून रस्ता बदलायचा.

आणि खरं हे होतं. मी परत येणार नाही या भीतीनं त्या बाईनं माझ्या बापाचं मरण दोन दिवस पदराखाली झाकून ठेवलं, आणि मग सात-आठ वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्ली.

घागर भरून वाहायला लागली होती. शेजारीण म्हणाली, बाई, तुमी बसा जरा. मला बसायचं नव्हतं. मला तस्संच घरात जाऊन आत्याबाईंना गदागदा हलवून विचारायचं होतं. मी निघालेसुद्धा. आणि उंबऱ्यावर माझे पाय थांबले, कारण मला आठवलं की हे मी विचारू शकत नाही. मला हे ठाऊकच नाही. हे कबुलीतलं आहे.

हे इथं लिहिते आहे ते केवळ पुढं आत्याबाईंनी स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं म्हणून. नाहीतर हे माझ्याबरोबरच मातीत गेलं असतं.

शेजारणीला मी शपथ घातली की हे पुन्हा कुठं बोलायचं नाही. तिनं शपथ घेतली, पण तिला ते पटलं नाही. त्यांच्यात भांडण मिटवायचं ते दोघांना समोरासमोर बसवून, चार माणसांच्या देखत. ज्याचं वाईट केलं त्यालाच सोडून बाकी तिसऱ्याला सांगायचं, ही कसली माफी, असं तिनं मला सरळ विचारलं. मी शाळेत शिकवणारी बाई, धर्माची शिकवण तोंडपाठ असलेली. मी नुसती घागर उचलून चालायला लागले.

मग सुरू झाले ते दिवस. सकाळी त्यांना उठवायचं, तोंड धुवायचं, अंग पुसायचं, सुजलेल्या पायांना तेल लावायचं. बोट दाबलं की पायात खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. ज्या बाईचा गळा धरावासा वाटतोय तिचे पाय चेपत बसायचं, आणि बोलायचं काही नाही. नवऱ्याला सांगायची सोय नाही. फादर यायला अजून महिना-दीड महिना. आणि आले तरी त्यांना काय विचारणार? ते त्यावर बोलू शकत नाहीत आणि मीही नाही. त्या निरोप्याची माफी मागायला जावं तर त्याला काय सांगून जाणार? सगळ्या बाजूंनी दारं बंद. मी भांडी आपटायची. भांड्यांचा आवाज तेवढा लाईनीला जायचा, ज्यांच्यावर राग होता त्यांना तोही ऐकू येत नव्हता.

आणि त्या मात्र हलक्या झाल्या होत्या. मुलींना गोष्टी सांगायच्या, माझ्या वरणाला नावं ठेवायच्या. एकदा तर त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मी पाणी आणायचं निमित्त करून उठले आणि मोरीत जाऊन रडले, रागानं की कशानं ते मलाच कळेना.

हळूहळू राग थोडा बसला. वाटायला लागलं, किती दिवसांची सोबती आहे ही. हिला एकदा सांगून टाकावं, मला माहीत आहे, जाऊ द्या, सोडलं मी. पण तेही सांगता येईना. ज्या नियमानं माझी शिवी अडवली होती त्याच नियमानं माझी माफीही अडवली. मी स्वतःला समजावायची, नियम आहे म्हणून गप्प आहेस, नाहीतर केव्हाच माफ केलं असतंस. हे मला खरं वाटायचं. देवासमोर हात जोडून मी हेच सांगायची.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या खाटेभोवती बसून प्रार्थना करायचो. आवाज ऐकू येत नसल्यानं आत्याबाई माझ्या ओठांकडं बघत माझ्याबरोबर म्हणायच्या. ओठांवरून त्यांना कळायचं की प्रार्थना कुठवर आली. स्वर्गातल्या पित्याच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागून झाली की पुढं ती ओळ येते, आमच्या अपराध्यांना आम्ही जशी क्षमा करतो तशी तू आम्हाला कर. नळावरच्या त्या दिवसापासून त्या ओळीला माझं तोंड बंद व्हायचं. ठरवून नाही, आपोआपच. नवरा आणि मुली म्हणत असायच्या, त्या आवाजात माझं गप्प राहणं खपून जायचं. पुढच्या ओळीला मी परत सुरू करायची. मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही.

एका रविवारी दुपारी नवरा ड्युटीवर होता, मुली बाहेर खेळत होत्या. शेजारीण आमच्या उंबऱ्यावर बसून तूर निवडत होती. आत्याबाईंनी मला जवळ बोलावलं. त्यांचा दम वाढला होता, बोलताना मध्ये थांबायला लागायचं.

"रोज सांच्याला तुझं तोंड एका जागी थांबतंय. माफीच्या जागी. म्या बघायलेय," त्या म्हणाल्या. "तुला कळलंय."

मी काही बोलले नाही. मान हलवली नाही. पण चेहऱ्यावर नियम कसा घालायचा? त्यांनी वाचायचं ते वाचलं. मग त्यांनी सगळं स्वतःच सांगितलं. निरोप कधी आला, त्या वेळी मी विहिरीवर होते, त्यांनी त्या माणसाला चहा पाजला, आणि रात्रभर जागून ठरवलं की उद्या सांगू. उद्या पुन्हा उद्यावर गेलं. तू गेली असतीस तर आली नसतीस, माझं पोरगं एकटं पडलं असतं, एवढंच त्या परत परत म्हणत होत्या. मी ऐकत होते. यातलं काहीच मला नवं नव्हतं, आणि ते नवं नसल्याचं माझ्या तोंडावर दिसत होतं.

मग त्या थांबल्या. त्यांना वेगळीच शंका आली. "तुला फादरनं सांगितलं?"

मी नाही म्हणून ओरडले. मान हलवली, हात हलवले. "मंग कुणी?" त्यांनी विचारलं. मी उंबऱ्याकडं बघितलं नाही, मुद्दाम नाही बघितलं. जिच्या हातची पेज त्या रोज खातात तिचं नाव मी कसं घेऊ? माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी त्यांचा अर्थ काढला. फादरनं सांगितलं. म्हणजे तो फादर खोटा, त्यानं दिलेली क्षमा खोटी, पाप जिथल्या तिथंच. त्याला आता घरात घेऊ नको म्हणाल्या. माझ्या मातीलाबी बोलवू नको. आणि मग लहान पोरीसारख्या रडायला लागल्या, आता म्या कुणाला सांगू, आता म्या कुणाला सांगू. त्यांचा श्वास अडकायला लागला. मी त्यांची पाठ धरून ओरडत होते की फादरनं नाही सांगितलं, आणि त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. डोळे मिटले की त्यांना जगातलं काहीच ऐकू यायचं नाही.

शेजारीण सूप बाजूला ठेवून आत आली. तिनं आत्याबाईंचं तोंड दोन्ही हातांत धरून वर केलं आणि कानाला तोंड लावलं.

"मावशी, म्या ऐकलं. भिंतीवरनं. बाईला म्या सांगितलं. फादरचा काई दोष न्हाई."

आत्याबाईंनी तिच्याकडं बघितलं. तिचं बोलणं त्यांना नेहमीच खरं वाटायचं, आताही वाटलं. मग त्यांनी विचारलं, सगळ्या लाईनीनं ऐकलं का? मला वाटलं आता ही नाही म्हणेल. ती व्हय म्हणाली. सगळ्यांनीच ऐकलं असंल, मावशी, तुमचा आवाज लय मोठा हाय. आणि आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला. फादर खोटा ठरला नाही, एवढ्यावर त्यांना सगळ्या लाईनीसमोरची लाज चालली.

त्या माझ्याकडं वळल्या. "मंग आता तू काय म्हणतीस?"

आता मला काहीच अडवत नव्हतं. त्यांनी स्वतः सांगितलं होतं, कबुलीच्या बाहेर, माझ्या तोंडावर. नियम संपला होता. महिनाभर मी जे बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते आता बोलायचं होतं, माफ केलं, एवढे दोन शब्द. आणि ते दोन शब्द मला बोलता येईनात. मी खरंच प्रयत्न केला. माझ्या डोळ्यांसमोर बापाचा दाराकडं लागलेला चेहरा येत होता, जो मी कधी बघितलाच नाही. नियम आडवा होता म्हणून मी गप्प होते असं मला वाटत होतं. नियम गेला आणि मागं मी तशीच उभी होते.

 मग आत्याबाईंनीच सोपं करून दिलं. परार्थना म्हण, म्हणाल्या. आणि हात जोडून माझ्या ओठांकडं बघायला लागल्या.

मी सुरू केलं, मोठ्यानं. पित्याचं नाव, त्याचं राज्य, रोजची भाकर. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. ती ओळ आली. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले. मी ओठ हलवले. शब्द न शब्द हलवला. पण आवाज निघाला नाही. घरात एवढं शांत झालं की बाहेर फलाटावर कुणीतरी खोकलेलं ऐकू आलं. मग पुढची ओळ मी परत मोठ्यानं म्हटली आणि आमेनपर्यंत गेले.

आत्याबाईंना काय वाटलं कोण जाणे. बहिऱ्या माणसाला आवाज कळत नाही, पण आवाज नसला तर गळ्याची शीर हलत नाही, हे कदाचित कळत असेल. त्यांनी मला विचारलं नाही. त्या शेजारणीकडं वळल्या आणि तिला विचारलं, म्हणली का ती?

शेजारणीनं माझ्याकडं बघितलं. माझ्यापासून ती दोन हातांवर उभी होती आणि तिचे कान सगळ्या लाईनीत तिखट होते. मी मान खाली घातली.

"म्हणल्या, मावशी," ती त्यांच्या कानात ओरडली. "म्या माझ्या कानानं ऐकलं."

आत्याबाईंनी माझा हात धरला आणि डोळे मिटले. शेजारीण पुन्हा उंबऱ्यावर जाऊन तूर निवडायला लागली. हात सोडवून घ्यायची हिंमत मला झाली नाही, म्हणून पुढची पॅसेंजर येऊन जाईपर्यंत मी तशीच बसून राहिले.